घरच्या वाडीस सुवासिक गुलाबाचें कुंपण

धानाच्या मुलखांत घरामागील वाडीचें कुंपण म्हटलें म्हणजे बोरीच्या कांट्या, बांबूचे ताटवे, फार तर बेशरमाची रांग, एवढेंच चित्र डोळ्यांसमोर येतें. कांट्यांचें कुंपण फुकट पडतें असा समज आहे. परंतु त्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. धानाच्या कापणीच्या घाईंतून वेळ काढून कांट्या तोडावयाच्या, त्या डोक्यावरून वाहून आणावयाच्या, हातापायांस ओरखडे घेत रोवावयाच्या, आणि पुढील पावसाळ्यांत वाळवीनें त्या खाऊन टाकल्या म्हणजे पुन्हां तोच उद्योग आरंभावयाचा! हें काम बहुधा घरांतील स्त्रियांच्याच वांट्यास येतें, म्हणूनच कदाचित् त्याची मजुरी कोणी धरीत नाहीं. त्याऐवजीं एकदां लावलें म्हणजे वर्षानुवर्षें दाट होत जाणारें आणि वर सुवासिक फुलें देणारें जिवंत कुंपण आपणांस कां करतां येऊं नये, असा विचार कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मनांत आला. तो आम्ही अंमलांत आणला, त्यांत प्रथम फसलों आणि मग शिकलों. हें शिक्षण आम्हांस थोडें महाग पडलें. वाचकांस तें फुकट मिळावें एवढ्यासाठीं हा लेख.

पहिला प्रयत्न कां फसला

आमची वाडी सालेकसा येथें आहे. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व कडेस, छत्तीसगडच्या हद्दीला लागून असलेला हा तालुका. भोंवतीं जंगल, टेकड्या, धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव. येथें वर्षाकांठीं साधारणपणें १२०० ते १४०० मिलीमीटर पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांतच पडतो. हजरा धबधबा ज्या पावसानें भरून वाहतो, तोच पाऊस आमच्या वाडींतील झाडांच्या मुळांशींहि उभा राहतो, ही साधी गोष्ट प्रारंभीं आमच्या ध्यानांत आली नाहीं.

आम्ही एका रोपवाटिकेंतून डोळा भरलेलीं गुलाबाचीं १२ कलमें आणलीं. गुलाबासाठीं २ फूट खोल चर खणून तो खतमातीनें भरावा, असें बहुतेक पुस्तकांत लिहिलेलें असतें; त्याप्रमाणें आम्ही वाडीच्या कडेनें चर खणला, भरला आणि मृगाच्या पावसावर कलमें लाविलीं. आषाढांत तीं जोमानें वाढलीं, श्रावणांत पानें पिवळीं पडूं लागलीं, आणि भाद्रपद संपेपर्यंत १२ पैकीं ९ कलमें मेलीं. उपटून पाहतों तों मुळें काळीं पडून त्यांस कुजकट वास येत होता.

शेजारचे एक वृद्ध शेतकरी तें पाहावयास आले. त्यांनीं चराकडे पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "भाऊ, तुम्ही तूर बांधींत पेरतां कीं धुऱ्यावर?"

या एका प्रश्नांत सर्व उत्तर होतें. आपल्याकडे धान बांधींत व तूर धुऱ्यावर, हें लहान मुलासहि ठाऊक आहे. कारण तुरीच्या मुळाशीं पाणी थांबलें कीं तूर गेली. गुलाबाची प्रकृति या बाबतींत तुरीसारखीच आहे. मुळांनाहि श्वास घ्यावा लागतो. मातींतील सर्व फटी पाण्यानें भरल्या म्हणजे त्यांस हवा मिळत नाहीं, तीं गुदमरतात, आणि मग कुजविणाऱ्या बुरशीस आयतेंच भक्ष्य मिळतें. कोरड्या प्रांतांत चर खणणें योग्य असेल. परंतु खालीं पाणी न झिरपणाऱ्या आमच्या जमिनींत तो चर म्हणजे गुलाब बुडविण्यासाठीं खणलेली लांबट विहीरच झाली.

खालून आलेला फुटवा

चराच्या उंच टोकाकडील ३ कलमें मात्र वांचलीं होतीं. परंतु त्यांच्याहि फांद्या शेंड्याकडून खालीं वाळत आल्या, व कार्तिकांत भरलेल्या डोळ्याच्या खालून, म्हणजे खुंटावरून, नवे फुटवे निघाले. असे फुटवे जंगली समजून कापून टाकावे, असा नियम आहे. आम्ही कात्री घेतलीहि होती, परंतु आमच्या मातोश्री म्हणाल्या, "राहूं दे, जगायचंच म्हणतंय तर फूल तरी पाहूं." पौष महिन्यांत त्या फुटव्यांवर मध्यम आकाराचीं, भरगच्च पाकळ्यांचीं गुलाबी फुलें आलीं, आणि सकाळीं पडवींत बसलें तरी त्यांचा सुवास येऊं लागला. ज्या फुलांसाठीं आम्ही पैसे मोजले होते त्यांस रूप होतें, सुवास नव्हता. आणि ज्यास आम्ही केवळ खुंट समजत होतों तो आपला जुना गांवठी गुलाब निघाला. माळी लोक यालाच एडवर्ड गुलाब म्हणतात.

हा गुलाब कोठला

या गुलाबाची हकीकत कुंपणाशींच निगडित आहे. हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस रेयुनियों नांवाचें फ्रेंच बेट आहे. त्याचें जुनें नांव बूर्बों. तेथील लोक आपल्या जमिनींच्या हद्दीवर दोन प्रकारच्या गुलाबांचीं कुंपणें लावीत; एक चिनी गुलाब, व दुसरा वर्षांतून एकाहून अधिक वेळां फुलणारा दमास्क गुलाब. इ. स. १८१७ मध्यें निकोला ब्रेआँ नांवाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ या बेटावर आला, तेव्हां त्याला या दोहोंहून निराळें असें एक झाड आढळलें. दोन्ही जातींचा आपोआप संकर होऊन तें उपजलें असावें, असें मानतात. त्याला तेथें 'एदुआर' म्हणत. आपल्याकडील 'एडवर्ड' तो हाच. ब्रेआँनें त्याचें बी पॅरिसला धाडलें, व त्यांतून युरोपांत बूर्बों गुलाबांचा प्रसिद्ध वर्ग निघाला. चिनी गुलाबाचा पुनःपुन्हां फुलण्याचा गुण आणि दमास्काचा सुवास हे दोन्ही त्यांत एकत्र आले आहेत. भारतांत हा गुलाब एकोणिसाव्या शतकांतच रुजला. फुलांसाठीं, गुलकंदासाठीं आणि इतर गुलाबांच्या कलमांस खुंट म्हणून त्याची लागवड होत आली आहे.

सुवास हा गुण जातींतच असावा लागतो. खतानें किंवा मशागतीनें तो आणतां येत नाहीं. इ. स. २०१५ मध्यें फ्रेंच संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, गुलाबाच्या सुवासांतील कांहीं महत्त्वाचीं द्रव्यें तयार होण्यास पाकळ्यांतील एक विशिष्ट विकर लागतें, व बिनवासाच्या गुलाबांत त्याचें काम फारच मंद चालतें. फुलदाणींत अधिक दिवस टिकावा म्हणून वाढविलेल्या अनेक नव्या जातींत सुवास हरपला आहे. म्हणून कुंपणासाठीं रोप किंवा काडी घेतांना चित्र पाहून घेऊं नये. फूल हातीं घेऊन, हुंगून मगच घ्यावें.

एडवर्ड न मिळाल्यास 'ग्रुस आन टेप्लिट्स' ही दुसरी जात विचारांत घ्यावी. रुडॉल्फ गेश्विंड याची ही जात इ. स. १८९७ मध्यें बाहेर आली. तिचीं फुलें गडद किरमिजी, सुवासिक व झुबक्यांनीं येतात, आणि झाड पुरुषभर उंच वाढतें. कनौज व हळदीघाट येथील अत्तराचा दमास्क गुलाब सुवासांत श्रेष्ठ खरा. परंतु त्याचा मुख्य बहर वर्षांतून एकदांच, वसंताच्या सुमारास येतो, व त्यास आपल्याकडील हिंवाळ्याहून अधिक थंडी मानवते. सबब कुंपणासाठीं त्याच्या मागें लागूं नये.

जमीन व वरंबा

आपल्या भागांतील जमिनींपैकीं मोरंड जमीन, पाणी निघून जात असल्यास, गुलाबास चांगली. सिहार व बरडी जमिनी हलक्या. त्यांतून पाणी लौकर जातें, परंतु ओल व कस टिकत नाहीं. अशा जमिनींत मालगुजारी तलावांतील वाळलेला गाळ पांचव्या हिश्शानें मिसळावा. कन्हार जमीन कसदार असली तरी चिवट. तींत गाळ मुळींच घालूं नये, उलट बारीक रेती व कुजलेला पालापाचोळा घालून ती मोकळी करावी.

जमीन कोणतीहि असो, आपल्या पर्जन्यमानांत गुलाब वरंब्यावरच लावावा. ज्या ओळींत कुंपण हवें तेथें ३ फूट रुंद व दीड फूट उंच वरंबा घालावा. त्यासाठीं लागणारी माती दोन्ही बाजूंनीं खणून घेतली म्हणजे आपोआप दोन उथळ चर तयार होतात. त्यांस वाडीच्या उताराकडे तोंड करून द्यावें. मातीच्या ४ भागांस पूर्ण कुजलेलें शेणखत १ भाग मिसळावें. ताजें शेण घालूं नये, कारण त्यानें मुळें भाजतात व वाळवी आणि हुमणी यांस आमंत्रण मिळतें. वरंबा एक पावसाळा बसूं द्यावा; खचलेल्या जागीं पुन्हां भर घालावी. जागा अशी निवडावी कीं, दिवसांतून निदान ६ तास ऊन मिळेल. मोहाच्या किंवा आंब्याच्या सावलींत गुलाब वाढतो, फुलत नाहीं.

छाट कलमें

कुंपणाचीं झाडें स्वतःच्या मुळांवर वाढलेलीं असावीं, हा या लेखांतील मुख्य मुद्दा आहे. डोळा भरलेल्या कलमांत खुंटावरील फुटवे सतत काढावे लागतात. लांब कुंपणांत तें लक्ष ठेवणें होत नाहीं, व कांहीं वर्षांत निम्मीं झाडें एका जातीचीं व निम्मीं दुसऱ्या जातीचीं होतात. स्वतःच्या मुळावरील झाडाचा प्रत्येक फुटवा त्याच जातीचा असतो. तो जितका खालून येईल तितकें कुंपण दाट होतें. शेंडा वाळला, गुरानें खाल्ला किंवा उन्हानें करपला, तरी झाड बुडापासून आपलेंच रूप घेऊन वर येतें.

कार्तिक-मार्गशीर्षांत, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, फुलून गेलेल्या पक्व फांद्यांचे ८ ते ९ इंच लांबीचे तुकडे घ्यावे. प्रत्येकावर ४-५ डोळे असावे. खालचा काप डोळ्याच्या लगत खालीं तिरकस घ्यावा, वरचा डोळ्याच्या थोडा वर घ्यावा. वरचीं एकदोन पानें ठेवून बाकीचीं काढावीं. निम्मी रेती व निम्मी माती असलेल्या वाफ्यांत दोनतृतीयांश तुकडा जाईल असा तो रोवून भोंवतीं माती घट्ट दाबावी. पोकळी राहिल्यास मूळ सुटत नाहीं. वर ताटव्याची विरळ सावली करावी आणि ओल कायम ठेवावी, चिखल करूं नये. साधारण ६ ते ८ आठवड्यांत मुळें सुटतात. नवीं पानें दिसतांच घाईनें उपटून पाहण्याचा मोह टाळावा. कित्येकदां मुळें नसतांहि काडींतील सांठ्यावर पालवी फुटते. हीं रोपें पहिला उन्हाळा सावलींत काढूं द्यावीं.

३० फूट कुंपणास २ फुटांच्या अंतरानें १६ रोपें लागतात. कांहीं काड्या मरणारच, म्हणून ३० तरी लावाव्या. त्या शेजाऱ्याच्या झाडावरून मिळाल्या तर खर्च कांहींच नाहीं.

लागवड व पहिलीं दोन वर्षें

मोठा पाऊस ओसरल्यावर, आश्विनांत, रोपें वरंब्यावर लावावीं. मातीचा गोळा फुटूं देऊं नये. पुढील ८ महिने पाऊस बेताचाच असल्यामुळें मुळांस पसरण्यास अवधि मिळतो, व दुसरा पावसाळा येईपर्यंत झाड सावरतें. हिंवाळ्यांत ८ दिवसांनीं, व चैत्र-वैशाखांत हलक्या जमिनींत ४-५ दिवसांनीं भरपूर पाणी द्यावें. रोज थोडें थोडें शिंपडल्यानें मुळें वरच्यावर राहतात व उन्हांत करपतात. धानाचें तनस ४ इंच जाड आच्छादन म्हणून घालावें. मात्र तें बुंध्यापासून वीतभर दूर असावें, नाहींतर वाळवी लागते.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गुलाबाचें कुंपण पहिलीं दोन वर्षें वाडीचें रक्षण करीत नाहीं. उलट त्याचेंच रक्षण करावें लागतें. शेळी गुलाबाच्या कांट्यांस भीत नाहीं. कोंवळा पाला तिला फार आवडतो. म्हणून तोंवर बाहेरून कांट्यांचें कुंपण ठेवावेंच. तिसऱ्या वर्षापासून गाई-वासरें व येणारीजाणारीं माणसें अडविण्याइतकी दाटी होते. रानडुकरास तें अडवील अशी आशा करूं नये. हें कुंपण घरच्या वाडीचें आहे, जंगलाकांठच्या शेताचें नव्हे.

छाटणी व बांधणी

मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या पुढेंमागें करावी. प्रथम वाळलेलीं, रोगट व एकमेकांवर घासणारीं लांकडें काढावीं. नंतर सर्वांत जुन्या फांद्यांपैकीं एक-दोन दरवर्षीं बुडाशीं कापाव्या, म्हणजे तितक्याच नव्या फुटतात. बाकीच्या फांद्यांचा वरचा एकतृतीयांश भाग काढावा. मेंदीच्या कुंपणाप्रमाणें वरून सपाट कातरूं नये. त्यानें फुलांचे डोळे जातात व कुंपण खालीं उघडें पडतें. छाटणीनंतर ६ ते ७ आठवड्यांत पहिला बहर येतो. वैशाखांत छाटणी मुळींच करूं नये. उघडें पडलेलें लांकूड उन्हानें भाजतें.

वरंब्यावर ८-८ फुटांवर खुंट रोवून बांबूच्या दोन आडव्या कांबी बांधाव्या, व लांब फांद्या त्यांवर आडव्या वांकवून सुतळीनें सैल बांधाव्या. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांस दाबून ठेवतो. तीच फांदी आडवी केली म्हणजे जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो. त्यायोगें फुलें वाढतात आणि खालचीं भगदाडेंहि भरतात. आमच्या कुंपणास खरी दाटी छाटणीपेक्षां या बांधणीनेंच आली.

खत, रोग व किडी

छाटणीनंतर प्रत्येक झाडास ५ किलो शेणखत व ओंजळभर निंबोळी पेंड द्यावी. पौषांत पुन्हां थोडी पेंड द्यावी. पावसाळ्यांत पानांवर काळे ठिपके पडून तीं गळतात. असा पाला वेंचून जाळावा, व उघडीप पाहून बोर्डो मिश्रण फवारावें. त्याकरितां १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यांत व १०० ग्रॅम चुना ५ लिटर पाण्यांत निरनिराळे कालवून, मोरचुदाचें पाणी चुन्याच्या पाण्यांत ओतावें. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें असावें, लोखंडी नसावें. मिश्रणांत चाकूचें पातें बुडवून पाहावें. त्यावर तांब्याचा रंग चढल्यास आणखी चुना घालावा. हिंवाळ्यांत भुरी आल्यास गंधकाची पूड धुरळावी. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुऊन जातो. पहिल्या पावसानंतर रात्रीं भुंगेरे पानें खातात. ते कंदिलाच्या उजेडांत हातानें वेंचून रॉकेलमिश्रित पाण्यांत टाकावे. पानांस वाटोळे काप पडलेले दिसले तर घाबरूं नये; ती पानें कापणारी मधमाशी असते व ती झाडाचें नुकसान करीत नाहीं.

ज्या फुलांचा गुलकंद करावयाचा किंवा जीं मुलांच्या हातीं जावयाचीं त्या बहरावर कोणतेंहि विषारी औषध मारूं नये. मोरचूद व गंधक यांचा उपयोगहि फुलें काढण्याच्या दिवसांत बंद ठेवावा.

फुलांचा उपयोग

फुलें सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं काढावीं. उन्हानें सुवासाचीं द्रव्यें उडून जातात. अत्तराच्या नादास मात्र लागूं नये, कारण दमास्क गुलाबाचें १ किलो तेल निघण्यास सुमारें ३ ते ४ हजार किलो पाकळ्या लागतात. गुलकंद मात्र घरोघर होण्याजोगा आहे. स्वच्छ, कोरड्या पाकळ्या व तितक्याच वजनाची खडीसाखर यांचे थर बरणींत द्यावे, तोंडाला फडकें बांधून ३-४ आठवडे उन्हांत ठेवावें, व मधूनमधून कोरड्या लांकडी चमच्यानें ढवळावें. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठीं दरेकसाकडे माणसांची रीघ लागते, त्या सुमारास आमचें कुंपण ऐन भरांत असतें. देवघर, शेजारपाजार व बरणी या तिघांचें भागून झाडांवर मधमाश्यांपुरतीं फुलें उरतात.

गुलाब हा बंगल्यांचा शोक आहे, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कोणी म्हणतात. डॉ. बी. पी. पाल यांनीं तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या गव्हाच्या जातींसाठीं आयुष्य वेंचलें, इ. स. १९६५ मध्यें ते भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि त्याच हातांनीं त्यांनीं गुलाबाच्याहि नव्या जाती निर्माण केल्या. कोडाईकनालचे विरु वीरराघवन यांनीं पाण्यांत उभा राहूं शकणाऱ्या 'रोझा क्लायनोफिला' या भारतांतील रानगुलाबाचा नव्या जातींच्या पैदाशीसाठीं उपयोग केला. धानाच्या मुलखास त्यांतून पुढें कांहीं लाभ होणें शक्य आहे. परंतु तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. आपला गांवठी गुलाब कोणाच्या तरी परसांत, विहिरीपाशीं किंवा देवळाच्या आवारांत उभाच असतो. त्याच्या चार काड्या मागून आणाव्या, तुरीस देतों तशी उंच जागा त्यास द्यावी, आणि दोन वर्षें शेळीपासून त्यास जपावें. तिसऱ्या वर्षीं घरांतील बाईच्या डोक्यावरचा कांट्यांचा भारा उतरतो. आमच्या घरीं तो उतरला आहे, व या कुंपणाची आमच्या लेखीं तीच पहिली कमाई आहे. सुवास तिच्या मागून येतो.